यंदाची सोनेरी पानगळ

३ एप्रिल

यंदा पानगळ लवकर आली. सकाळी दार उघडलं तर समोरच्या पॉप्लरच्या रांगेवर कुणी मध ओतून गेल्यासारखं दिसत होतं. चाळीसेक वर्षं मी या रस्त्यावर राहतेय, जगाच्या या दक्षिण टोकाला, क्लाइड गावात, एप्रिलमध्ये होणारी पानगळ मला नवी नाही, पण असं कधी पाहिलं नव्हतं. झाडं सोनेरी, मागच्या टेकड्या सोनेरी, वरचं आकाशही सोनेरी. सगळ्यावर एक बारीक धुकं, नदीवरून आलेलं. दुपार झाली तरी ते विरलं नाही. चहा हातात घेऊन मी पायरीवर उभी राहिले ती तो गार होईपर्यंत.

मग ग्रंथालयात गेले. तिथली फेनेला सांगत होती, शाळेच्या मुलांची चित्रं उतरवल्यापासून आतली लांब भिंत मोकळी पडलीये. मी विचार न करता म्हणून बसले, "आमच्या रस्त्यावरच्या झाडांचे फोटो लावशील का? मी काढते."

"तुम्ही फोटो काढता?"

"काढेन आता."

माझा नवरा कॉलिन गेल्यापासून मी स्वतःहून कशासाठी तरी हात वर केला, असं हे पहिल्यांदाच. घरी पोचल्यावर कपाट उघडलं. कॅमेरा आहे. निवृत्त झाले तेव्हा शाळेच्या ऑफिसातल्या बायकांनी दिलेला, कपाटात पडून असलेला. किर्स्टीला फोनवर काही बोलले नाही. ती म्हणेल, आई, त्यापेक्षा सामान आवरायला घे. डुनेडिनला तिच्या गॅरेजवरची खोली तिने माझ्यासाठी रंगवून ठेवलीये. चांगली खोली आहे. खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसते.

६ एप्रिल

सुरुवात केली. कोपऱ्यावरचा अक्रोड, मग टपालपेटीजवळचे दोन बर्च. शेजारचा हेमी कुंपणाशी उभा होता. म्हणाला, "मी येऊ सोबत? डॉक्टरने चालायला सांगितलंय."

हेमी मूळचा ब्लफ बंदराचा. इथल्या धरणाच्या कामावर क्रेन चालवायला आला आणि धरण पुरं झालं तरी राहिला. त्याची बायको आणि माझा कॉलिन एकाच हिवाळ्यात गेले. तेव्हापासून आम्ही कुंपणावरून क्विन्सचा मुरंबा आणि कालवं यांची देवाणघेवाण करतो, बाकी बोलणं बेताचंच. तो कमी बोलणारा माणूस.

होता, असं म्हणायला हवं. आता वय झाल्यावर त्याला बडबडायची सवय लागलीये. "इथे फूटपाथ संपतो," म्हणतो. "हां, मुळं वर आलीयेत इथे." "समोरून ती बेकरीवाली येतेय, नव्या कुत्र्याला घेऊन." मला दिसत नाही की काय. पण त्याला बरं वाटत असेल बोलून, म्हणून मी बोलू देते.

बर्चची पानं सुटी सुटी दिसतच नव्हती. झाडाभोवती पिवळा श्वास तेवढा होता. मी तसेच फोटो काढले.

९ एप्रिल

स्वयंपाकघरातला दिवा बदलला. नवा दिवाही तसाच मिणमिणता. हल्ली कशात दम राहिला नाही. वर्तमानपत्राची शाईसुद्धा फिकी करून टाकलीये या लोकांनी.

१४ एप्रिल

काढलेले फोटो संगणकावर पाहिले आणि हिरमुसले. बाहेर जे सोनं वाटतं ते काचेवर नुसतं तपकिरी दिसतं. आकाश फिक्या चहासारखं. पानगळीतलं आमचं आकाश कसं असतं ते मला पाठ आहे: हातात धरलं तर वाजेल इतकं निळं.

फेनेलाने शिकवून ठेवलं होतं, रंग कमीजास्त कसे करायचे ते. एकेका फोटोत मी निळा वाढवत गेले, आकाश ओळखीचं होईपर्यंत. दुपार कशी सरली कळलं नाही. एरवी या घरातली दुपार सरता सरत नाही.

फोटो कागदावर काढून आणले आणि हेमीला दाखवले. त्याने एकेक हातात घेऊन खूप वेळ पाहिला. "कसे आहेत?" मी विचारलं.

"तू काढलेत ना," तो म्हणाला. "म्हणजे चांगलेच असणार."

त्याला कलेतलं काय कळतं. पण गोड बोलला.

१९ एप्रिल

आजचा दिवस मी कधी विसरणार नाही. सभागृहाच्या मागच्या बाजूला एक मेपल आहे, जुना, बाजूला कलंडलेला. त्याच्याखाली पानांचा असा ढीग पडला होता की जणू झाड रात्रीतून विरघळून खाली साचलं. तांबडा, मध्येच केशरी, कडेला सावलीत जांभळट. वारा आला की तो सगळा ढीग एकदम हलकासा फुगायचा आणि खाली बसायचा, झोपलेल्या जनावरासारखा. मी पलीकडच्या फूटपाथवर बसकण मारली आणि फोटो काढत राहिले. ऊन सरकत गेलं तसा रंग बदलत गेला.

"जवळ जाऊया का?" हेमीने विचारलं.

"नको. पाय पडले तर मोडेल सगळं. बघ ना, किती सुंदर आहे."

तो माझी पिशवी धरून उभा होता. पिशवी त्याने दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "हो, सुंदर आहे."

परतताना बेकरीत चीज रोल खाल्ले. पाटीवर काय काय लिहिलंय ते हेमीने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, मी विचारलं नसताना. शेवटी मी म्हटलं, अरे, मला चीज रोलच हवाय, नेहमीसारखा.

२५ एप्रिल

अ‍ॅन्झॅक दिवस, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा. पहाटे स्मारकाशी सगळा गाव उभा होता. यंदा नगरपालिकेने रस्त्यावरचे दिवे बदललेले दिसतात, प्रत्येकाभोवती इंद्रधनुष्यासारखं कडं. कुणीतरी बिगुल वाजवला, गार हवेत तो थरथरला. लोकांचे चेहरे नव्हतेच, नुसत्या वाफा. कॉलिन शेजारी उभा आहे असं मला क्षणभर अगदी स्वच्छ वाटलं आणि त्याची भीती वाटली नाही.

हेमीने दगडावरची नावं हळू आवाजात वाचली. मला ती पाठ आहेत. तरी ऐकायला बरं वाटलं.

परतताना एका बाईंनी "काय नोएलीन, आता ओळखही देत नाही का," असं हसून म्हटलं. आवाजावरून कळलं, मार्जोरी होती, शाळेच्या ऑफिसात माझ्या टेबलाशेजारी बसायची. मी म्हटलं, अंधार आहे. तोवर उजाडलं होतं, हे नंतर लक्षात आलं.

इथे लिहिते, कारण इथे कुणी वाचणार नाही. माझी आई आंधळी झाली होती. माहेरी, रॅनफर्लीच्या घरात चुलीशेजारच्या खुर्चीवर शेवटची वर्षं बसून होती, हात मांडीवर उताणे ठेवून. कोण आलं, विचारायची, आणि आम्ही तर समोरच असायचो. तिचंही असंच, हळूहळू. मी डोळे दाखवायला जाणार नाही. काही झालेलंच नाही मला.

२ मे

किर्स्टी सुट्टीला आली. फेनेलाही फोटो निवडायला घरी आली. मी चहासोबत खायला स्कोन भाजले, जेवणाच्या टेबलावर सगळे फोटो मांडले. दोघी टेबलाभोवती फिरत होत्या आणि बोलत नव्हत्या. मला वाटलं, भारावल्यात.

फेनेला म्हणाली, "स्वप्नातल्यासारखे आहेत सगळे." मी मनातून सुखावले. मग तिने तो मेपलचा मोठा फोटो उचलला. "हा मला फार धाडसी वाटला. सभागृहामागची ती रॉबी बिलकांटची ताडपत्री फोटोत घ्यायचं कसं सुचलं तुम्हाला?"

"कुठली ताडपत्री?"

फेनेला माझ्याकडे बघायला लागली. किर्स्टीने तिच्या हातातून फोटो घेतला. "आई, ही ट्रेलरवर घातलेली ताडपत्री आहे. लाल. दोऱ्या दिसतायत. चाकं दिसतायत."

"ती पानं आहेत."

"आई, या सगळ्या फोटोंतली झाडं निळी आहेत. समुद्राच्या तळाशी असल्यासारखी. तुला दिसत नाहीये का ते?"

फेनेला बिचारी स्कोन तसाच टाकून गेली. त्यानंतर किर्स्टी मोठ्याने बोलली, मी त्याहून मोठ्याने. ती म्हणाली, तू गाडी चालवतेस अजून? मी म्हटलं, बेकरीपर्यंत चालवते. ती म्हणाली, खोली तयार आहे, आजच चल. मी म्हटलं, त्या खोलीत बसून भिंत बघण्यापेक्षा इथे काही न बघितलेलं बरं. मग ती रडायला लागली. ती रडते तेव्हा अजून सात वर्षांची दिसते. आज मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. तिने हुंदका दिला तेव्हा कळलं.

३ मे

हेमी दारात आला होता. मी उघडलं नाही. पिशवी धरून माझ्या शेजारी उभा होता तो. त्याला दोऱ्या दिसत होत्या. चाकं दिसत होती.

५ मे

आज उघडलं. तो टोपी हातात घेऊन खुर्चीच्या टोकावर बसला.

"तुला माहीत होतं ती ताडपत्री आहे?"

"हो."

"आणि तू माझी पिशवी धरून उभा राहिलास."

"जड होती."

"हेमी."

त्याने टोपी फिरवली. "तू म्हणालीस, किती सुंदर आहे. मी बघितलं, तर ताडपत्री. मग तुझ्याकडे बघितलं, तेव्हा वाटलं, असेल सुंदर. मला कुठे सगळं कळतं."

"सांगायला हवं होतंस तू. मी गावभर वेडी ठरले."

"सांगितलं असतं तर तू फिरायचं बंद केलं असतंस. मग मी काय केलं असतं?"

"एकटा फिरला असतास. डॉक्टरने सांगितलंय ना तुला."

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "डॉक्टरने नाही सांगितलं."

मग इतके दिवस चालत कशाला होता, कुणास ठाऊक. मी विचारणार होते, पण तो उठून खिडकीशी गेला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "माझं चुकलं, नोएलीन. ताडपत्रीचं सोड. डोळ्यांचं मी आधीच बोलायला हवं होतं. उद्या अ‍ॅलेक्झांड्राला, डोळ्यांच्या दवाखान्यात नेतो तुला."

मी त्याला आईचं सांगितलं. किर्स्टीलाही कधी इतकं सांगितलेलं नाही. त्या खुर्चीचं, उताण्या हातांचं. मी म्हटलं, मला कळायलाच नकोय. मला भीती वाटते.

"वाटू दे ना," तो म्हणाला. "गाडीत बसून वाटू दे."

६ मे

वाटेत दोन्ही बाजूंनी जर्दाळूच्या बागा. मला त्या वितळलेल्या दिसत होत्या. मी म्हटलं, हे शेवटचं असेल तर नीट बघून घेते. हेमीने गाडी हळू केली. मागून कुणी भोंगा वाजवला तरी त्याने वेग वाढवला नाही.

डोळे तपासणारी मुलगी किर्स्टीच्या वयाची. दिवा मारून तिने आत पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. मी खुर्चीचे हात धरून बसले होते.

"इतके दिवस आला का नाहीत?" ती म्हणाली. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. तुम्ही सगळं जग पिवळ्या काचेतून बघताय."

"आणि आईला होतं ते?"

"आईंना काचबिंदू असणार, तुम्ही सांगताय त्यावरून. तुमच्या डोळ्यांत त्याचं काही चिन्ह नाही. मोतीबिंदू काढता येतो."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण आधी जे वाटलं ते लिहून ठेवते. मला वाटलं, म्हणजे यंदा सोनेरी काही नव्हतंच. ते धुकंही नव्हतं. एवढं सुंदर मी जे पाहिलं ते झाडांवर नव्हतंच, माझ्याच डोळ्यांत साचलेलं होतं.

बाहेर येऊन हेमीला सांगितलं. त्याने दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले, आणि गाडीची किल्ली सापडायला त्याला फार वेळ लागला.

१४ मे, डुनेडिन

कुणाची तरी वेळ रद्द झाली म्हणून माझा नंबर लवकर लागला. काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज सकाळी किर्स्टीने पट्टी काढली, थेंब घातले.

खोलीच्या भिंती निळ्या आहेत. तिने निळा रंग दिला होता मला, आणि गेल्या वेळी मी त्याला राखाडी म्हणून नावं ठेवली होती. मी भिंतीला हात लावला. तिला म्हटलं, "फार सुरेख निळा आहे गं." ती म्हणाली, "तुझ्याच जुन्या बरणीचा घेतलाय, पिठाच्या." मग आम्ही दोघी पलंगावर बसून राहिलो.

आरशात पाहिलं. हे कोण म्हातारं माणूस. चालायचंच.

दुपारी बॅगेतून माझे फोटो काढले. किर्स्टी म्हणाली, नको बघूस. पाहिले. भयंकर आहेत. सगळा रस्ता बुडालेला, अक्रोडाला जणू थंडी वाजून तो काळानिळा पडलेला. फेनेलाला फोन करून सांगितलं, भिंत दुसऱ्या कुणाला दे. "मूळ फोटो आहेत ना अजून? रंग बदलायच्या आधीचे?" एवढंच तिने विचारलं.

२० मे

घरी आले. किर्स्टी सोडायला आली होती. खोलीबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही. जाताना तिने माझी गाडी मागेपुढे घेऊन पाहिली आणि म्हणाली, दुसरा डोळा होईपर्यंत हात लावायचा नाही.

मूळ फोटो उघडले. मी काढले ते, काही न बदललेले. रात्रीचं जेवण राहूनच गेलं. बर्चच्या प्रत्येक पानाला कड आहे. पिवळ्यात हिरव्या शिरा अजून जिवंत आहेत. मेपलच्या एका फांदीवर एकच पान अर्धं तांबडं, अर्धं हिरवं, मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी. यातलं काही मी पाहिलेलं नाही. मी तिथे उभी होते, बोट माझं होतं, पण पाहिलं ते कॅमेऱ्याने. आणि मी जे पाहिलं ते तर कुठल्याच फोटोत नाही. बिघडवलेल्या फोटोंतही नाही. तिथे आहे ते मला दिसायला हवं होतं असं मला वाटत होतं, ते.

फेनेलाला म्हटलं, मूळचेच लाव.

२४ मे

फोटो लागले. मार्जोरी आली, तिला मी लांबूनच हाक मारली. रॉबी बिलकांट आपल्या ताडपत्रीच्या फोटोसमोर उभा राहून येईल त्याला सांगत होता, ही माझी आहे. तो फोटो हेमीने मागून घेतला. मी म्हटलं, मेपलचा चांगला दुसरा देते. नको म्हणाला, हाच.

दवाखान्यातून पत्र आलं, डाव्या डोळ्याची तारीख जूनमधली. मी अजून कळवलेलं नाही. एक डोळा झाकला की जग जसं आहे तसं, दुसरा झाकला की ते सोनेरी, धुक्यातलं. हे कुणाला सांगायचं? किर्स्टीला सांगितलं तर ती पुन्हा रडेल. पण मला ते जाऊ द्यायचं जिवावर आलंय. शाबूत आहे मी, वेडी नाही. नुसतं जिवावर आलंय.

२८ मे

काल रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी खिडक्यांवर आतून बर्फाची नक्षी. मी नुकती चूल पेटवली होती, तेवढ्यात दारावर थाप. हेमी, पायजम्यावर कोट आणि गमबूट.

"चल लवकर. चर्चमागच्या गिंकोच्या झाडाची पानं पडायला लागलीयेत."

मी तशीच निघाले, कॉलिनचा कोट चढवून. कॅमेरा घ्यायचं सुचलंही नाही.

चर्चच्या मागे कुणी नव्हतं. वारा अजिबात नव्हता. आणि ते उंच झाड आपली सगळी पानं एकदम सोडून देत होतं. रात्रीच्या थंडीने देठ सुटले असतील, आता ऊन लागलं तशी ती गळत होती. एकेक नाही, शेकड्यांनी, सरळ खाली. आवाज येत होता, खूप बायका शेजारच्या खोलीत रेशमी कपडे घड्या घालत असाव्यात तसा. गवतावरचा बर्फ झाकला जात होता. वरच्या फांद्या आमच्या डोळ्यांदेखत मोकळ्या होत होत्या, आणि त्यांच्यामधून आकाश, ते निळं.

मी उजवा डोळा झाकला. सोनं ओघळत होतं, झाडालाच पाझर फुटल्यासारखं, कुठून सुरू होतं कुठे संपतं कळत नव्हतं. मग डावा झाकला. प्रत्येक पान वेगळं, छोट्या पंख्यासारखं, स्वतःभोवती गिरक्या घेत येणारं. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. मला वाटलं होतं, यातलं एक खरं आणि एक खोटं असेल. दोन्हींनी मी तेच झाड पाहत होते.

"आज फोन करते," मी म्हटलं. "दुसऱ्या डोळ्याचं."

"नक्की?"

"एवढं बघून झालं ना. आता बस."

मग मी दोन्ही डोळे उघडे ठेवले. पानं माझ्या केसांत, कोटाच्या बाहीवर. हेमी काही बोलत नव्हता. इतके दिवस वाटेतला प्रत्येक दगड सांगणारा माणूस, आज अगदी गप्प. मी त्याच्याकडे वळले. या डोळ्याने मी त्याला असं जवळून, उजेडात, पहिल्यांदाच पाहत होते. भुवया पांढऱ्या झाल्यात. हनुवटीवर दाढी करताना राहिलेला एक पट्टा. तो झाडाकडे पाहत नव्हता. किती वेळापासून पाहत नव्हता, कोण जाणे.

"झाड तिकडे आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि तिकडे वळला नाही.